माणसं नसलेला कागद

१

ठाकुर सांवतसिंहांना जगमोहन हत्तीनं चिरडलं, ही बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली. आणि मी तर तिथून पन्नास हातांवर, झाडावर बसलेलो होतो.

हसू नका. चिताऱ्याची जागा तीच. दरबार, म्हणजे आमचे राजे, शिकारीला निघाले की आम्हा चिताऱ्यांपैकी एकाला उंटावर लादून मागे न्यायचे आणि एखाद्या भक्कम धावड्यावर चढवून बसवायचे. ओदीकडे पाहायची सक्त मनाई. ओदी म्हणजे शिकारीचा दगडी बुरूज. तिथे वरती दरबार आणि खालच्या जाळीआड राण्या बसत. त्यामुळे मान खाली घालायची, मांडीवर कागद घ्यायचा आणि दिसतील ती जनावरं काढायची.

माणसांसाठी कुणी झाडावर चढत नसे. चित्रशाळेत एकेका सरदाराचा चरबा तयार होता, म्हणजे हरणाच्या पातळ कातड्यावर टोचून ठेवलेली आकृती. वरून कोळशाची पूड आपटली की खाली ठाकुर उमटलाच. ठाकुरांचं पोट सुटलं तरी चरबा सडपातळच राहायचा, आणि त्याबद्दल आजवर एकाही ठाकुरानं तक्रार केलेली नाही. जनावराला मात्र चरबा नाही. माणूस सांगतील तसा काढ, जनावर दिसेल तसं काढ, एवढं एकच वडिलांनी मला मारून मारून शिकवलं होतं.

माघातली दुपार होती. एकच बार झाला. मग घोडी उधळली, आरडाओरडा झाला. मी मान वर केली नाही, कारण जनावरं पळताना हात थांबवला तर सगळंच गेलं. गलका शमल्यावरही मला उतरवायला कुणी येईना, तेव्हा मीच गुडघे खरचटवत उतरलो आणि डेऱ्याकडे गेलो. तिथे ठाकुरांचं प्रेत कापडात गच्च बांधलेलं होतं आणि नदीकाठी लाकडं रचणं चाललं होतं. ठाकुराणींना निरोप गेलाय का, असं मी कुणाला तरी विचारलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो.

दरबारच्या गोळीनं वाघ पडला, आवाजानं माजावर आलेला जगमोहन बिथरला, सुटला आणि ठाकुरांवर गेला, असं सगळे सांगत होते. सगळे तेच सांगत होते आणि त्याच शब्दांत सांगत होते. जगमोहनचा माहूत मौजी दोरखंडानं बांधलेला, एका बाभळीखाली पडला होता. माझ्याकडे पाहून तो एवढंच म्हणाला, "धनरूपभाया, त्याला पाणी पाजलं का बघ."

२

चौथ्या दिवशी करीमदाद मियाँ चित्रशाळेत आले. हे आमच्या राज्याचे सालोतरी, म्हणजे जनावरांचे वैद्य. वय सत्तरीचं. अंगाला कायम हिंगाचा आणि कडुनिंबाच्या तेलाचा वास. घोड्याशी बोलताना आवाज मधासारखा, माणसांशी बोलताना शिव्या. महिन्यातून एकदा येऊन माझ्या चित्रांतल्या जनावरांच्या तंगड्या तपासायच्या, हा त्यांचा शौक होता. "चिताऱ्या, ह्या घोड्याला मागे एक सांधा जास्त दिलायस, विकताना जास्तीचा सांधा कापून घेऊ का?" असलं काहीतरी बोलून ते माझी छाछ पिऊन जात.

त्या दिवशी त्यांनी छाछ घेतली नाही.

दरबारनी त्यांना एका प्रश्नाचं उत्तर लिहून मागितलं होतं. त्या दुपारी जगमोहन माजावर होता की नव्हता? होता, तर दोष हत्तीचा, आणि हत्तीला तोफेसमोर उभं करायचं. नव्हता, तर दोष मौजीचा, कारण धड शुद्धीत असलेला हत्ती माहुतानं सोडल्याशिवाय सुटत नाही, आणि मग मौजीला फाशी. मुदत तीन दिवसांची.

"मी त्याला तपासलं," मियाँ म्हणाले. "डोळ्यामागे मद गळत नाही, कोरडं आहे. पण आज चौथा दिवस. मला त्या दुपारचा हत्ती पाहिजे."

"शंभर माणसं होती तिथे. विचारा त्यांना."

"शंभर माणसं दरबारकडे बघत होती. हत्तीकडे बघणारा मूर्ख तू एकटा."

मी कागद काढून दिला. त्यावर माणूस एकही नव्हता, माणसं मी अजून चरब्यावरून उतरवली नव्हती. उजवीकडे वेळूच्या बेटातून निघालेला वाघ, मध्ये ठाकुरांची उधळलेली कुमैत रंगाची घोडी, तिच्या मागे जगमोहन, वर दोन घोडे आणि सांबरांचा कळप. मियाँ कागद नाकाशी धरून इतका वेळ पाहत बसले की माझ्या शिंपल्यातला रंग वाळला. मग त्यांनी नख टेकवलं.

"ह्याच्या मागच्या पायात काय आहे?"

"साखळदंड. झाडाला बांधलाय."

"आणि सोंडेत?"

"उसाचं कांडकं."

"घोडीवर खोगीर रिकामं आहे," मियाँ सावकाश म्हणाले. "चिताऱ्या, देवाशपथ सांग. आधी घोडी काढलीस की आधी हत्ती?"

३

मला आठवत नव्हतं. पण आठवायची गरज नव्हती, कागदच सांगत होता. घोडीची शेपटी हत्तीच्या पायावरून जाते, आणि शेपटीची रेघ सलग आहे. हत्तीच्या पायाची रेघ शेपटीपाशी थांबते आणि पलीकडून पुन्हा सुरू होते. जे आधी काढलं ते अखंड राहतं. म्हणजे घोडी आधी. आणि स्वार असलेल्या घोड्याची पाठ मी चरब्यासाठी कोरी सोडतो, हिचं खोगीर मात्र मी पुरतं काढलं होतं.

म्हणजे ठाकुर घोडीवरून गेले त्यानंतरही जगमोहन बांधलेलाच होता, आणि ऊस खात होता.

मला आनंद झाला, अगदी बालिश आनंद झाला. मौजी आणि मी एका आळीतले. त्याच्या हत्तीची मी आजवर सात चित्रं काढली होती, आणि प्रत्येक वेळी कान जरा लहान झाले म्हणून त्यानं माझ्याशी भांडण केलं होतं. मी म्हटलं, सुटले दोघंही. मियाँनी पगडी उचलली आणि मला सोबत चल म्हणाले.

आधी आम्ही मौजीला भेटलो. हत्तीखान्याच्या चाऱ्याच्या कोठीत त्याला ठेवला होता. मियाँनी त्याला कागदाबद्दल सांगितलं, हत्ती बांधलेला होता हे आम्हाला ठाऊक आहे असंही सांगितलं. मौजीचा चेहरा एकदम उतरला. तो म्हणाला, बांधलेला नव्हता, मीच सोडला, माझ्या हातून चूक झाली, तसंच लिहा. मियाँनी तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा तेच. आम्ही निघालो तेव्हा त्यानं मागून सांगितलं की जगमोहनला रोट चुरून द्यायला सांगा, अख्खा रोट तो दुसऱ्याच्या हातून घेत नाही.

मग शिकारखान्याचा दरोगा फत्तेलाल. त्यानं वाघाचं कातडं आमच्यासमोर पसरलं आणि दरबारच्या नेमाची स्तुती केली. मी कपाळ पाहिलं. माझ्या वाघाच्या कपाळावर तीन आडवे पट्टे आणि मध्ये एक गोल होता, ह्याच्या कपाळावर चार तुटक पट्टे होते. वाघाचं कपाळ म्हणजे त्याचं तोंड, ते बदलत नाही. मी तसं बोलून गेलो.

"दरबारचा नेम चुकला, असं म्हणायचंय तुला?" फत्तेलालनं हसत विचारलं.

मी लगेच नाही म्हटलं आणि आम्ही तिघंही हसलो. वाघ निसटला की शिकारखान्यातलं जुनं कातडं बाहेर येतं, हे आमच्या गावातल्या मेंढ्यांनासुद्धा माहीत होतं. बाहेर आल्यावर मात्र मियाँ हसत नव्हते. ते म्हणाले, "बार एकच. वाघ धडधाकट. मग गोळी कुठे गेली, चिताऱ्या?"

४

ठाकुरांचे धाकटे भाऊ केसरसिंह नव्या अंगरख्यात बसले होते. त्यांनी रिवाजाप्रमाणे ओंजळीत अफूचं पाणी घेऊन आमच्या पुढे धरलं, आणि आम्ही रिवाजाप्रमाणे त्यांच्या हातून प्यायलो. दोघा भावांचं हाडवैर सगळ्या राज्याला ठाऊक होतं. शिकारीच्या दिवशी केसरसिंह बंदूक घेऊन नाल्याच्या पलीकडे उभे होते, हेही ठाऊक होतं.

भावाचा काळच आला होता, हत्ती निमित्त झाला, असं ते म्हणाले. डोळे पुसावेत असं त्यांना वाटलं, पण अंगरखा कोरा होता म्हणून बहुधा राहून गेलं.

मियाँनी घोडी पाहायला मागितली. ती आता केसरसिंहांच्या पागेत होती. तिची आयाळ मुळापासून कापलेली होती. मोतद्दार म्हणाला, उवा झाल्या म्हणून कापली. मियाँनी तिच्या मानेवरून हात फिरवला, तिच्या कानात काहीतरी पुटपुटले, आणि परत येताना मला म्हणाले की शिकारीच्या आदल्याच दिवशी मी तिला तपासलं होतं, एक ऊ नव्हती.

मला वाटलं, झालं. भावानंच केलं. मी तसं बोललो. मियाँनी मला चित्रशाळेत माझ्या जागेवर नेऊन बसवलं आणि भिंतीला टेकवलेलं मोठं चित्र पुढे ओढलं. दरबारच्या हुकमानं मी ते दोन दिवसांपासून रंगवत होतो. त्यात माणसं भरली होती, वाघ रिवाजाप्रमाणे उताणा पडला होता, आणि ठाकुरांच्या घोडीच्या मानेवर मी एक सुरेख लाल गोंडा काढला होता.

"हा गोंडा कुठून आणलास?"

मी कच्चा कागद दाखवला. झाडावर रंग नेता येत नाहीत, म्हणून रंगाचं नाव आम्ही रेघेशेजारी बारीक लिहून ठेवतो. घोडीच्या मानेपाशी मी 'हिंगूळ' लिहिलं होतं. हिंगूळ म्हणजे लालभडक. मानेवर लाल दुसरं काय असणार? गोंडा.

"ठाकुरांची आई वारून महिना नाही झाला," मियाँ म्हणाले. "सुतकासाठी घोडीचा लगाम, खोगीर, गोंडे सगळं पांढरं केलं होतं. मी स्वतः पाहिलंय. तिच्या अंगावर लाल काही नव्हतंच."

मी माझ्याच अक्षराकडे पाहत राहिलो. मी ते पाहिलं होतं, लिहून घेतलं होतं, आणि नंतर त्याचा गोंडा केला होता.

५

मियाँनी दार लावून घेतलं आणि कागद जमिनीवर पसरला. त्या वेळी ते जे बोलले ते मी कुणाला सांगितलं नाही. आता ती सगळी माणसं गेली, म्हणून लिहितो.

ठाकुरांना गोळी लागली. मानेला किंवा छातीत, म्हणून रक्त घोडीच्या आयाळीवर आलं, म्हणून आयाळ कापली. हत्ती तेव्हा बांधलेला होता. प्रेत नंतर हत्तीच्या जागी नेलं, आणि जखम दिसू नये म्हणून दगडांनी चेचलं. ठाकुराणी पोचायच्या आत जाळलं. इतकं मलाही कळलं होतं. मी म्हटलं, मग केसरसिंह.

"कान बघ," मियाँ म्हणाले.

मी कान पाहिले. वाघ मागे वळलाय, त्याचे कान डावीकडे. वरच्या दोन्ही घोड्यांचे कान डावीकडे. नऊ सांबरं, अठरा कान, सगळे डावीकडे. तोफा ऐकून मुरलेला जगमोहन तेवढा खाण्यात गुंग, तरी त्याचाही डावा कान उभा. केसरसिंह नाल्यापलीकडे उजव्या हाताला होते. डावीकडे फक्त ओदी होती.

"आणि बार एकच," मियाँ हळू म्हणाले. "शिकारीत पहिला बार कुणाचा?"

हा प्रश्न आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला विचारला तरी चालेल. दरबारनी चाप ओढल्याशिवाय दुसऱ्या कुणी ओढायचा नाही. माझ्या आजोबांच्या वेळी एका शिकाऱ्याचा बार चुकून आधी उडाला, तर त्याचा अंगठा कापला होता. केसरसिंहांनी आधी बार टाकला असता तर ते आज कोऱ्या अंगरख्यात बसले नसते. शंभर माणसं शपथेवर एकच सांगत होती, बार एकच झाला आणि तो दरबारचा. शंभर जणांनी खरं तेच सांगितलं होतं.

दरबार वीस वर्षांचे. ते लहान असताना आठ वर्षं राज्य ठाकुरांनीच चालवलं, आणि दरबार मोठे झाले तरी राज्याची मोहोर ठाकुरांच्याच कमरेला होती. ती आता दरबारच्या हातात होती.

"आता काय करायचं, मियाँ?"

"कुणाला सांगशील?"

मी विचार केला. न्याय मागायचा तर दरबारकडे. दरबारवर फिर्याद करायची तर तीही दरबारकडे. ठाकुराणींना सांगितलं तर त्यांच्या गढीतले दोनशे लोक तलवारी घेऊन निघतील आणि दुसऱ्या दिवशी त्यांतला एकही उरणार नाही, ठाकुराणीही उरणार नाहीत. मी आणि मियाँ तर त्याआधीच. मी वीस वर्षं जनावरांकडे पाहून शहाणा झालो होतो, आणि त्या शहाणपणाचा कुणालाही काडीचा उपयोग नव्हता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मियाँनी कागदाची घडी घातली. ते म्हणाले, "कुणी मारलं, असं मला विचारलेलंच नाही. हत्ती की माणूस, एवढंच विचारलंय."

६

मौजीला सगळं माहीत होतं. तो हत्तीजवळच उभा होता, त्यानं पाहिलं होतं. खरं कधीच बाहेर येणार नाही हे तो जाणून होता, म्हणूनच दोष स्वतःवर घेत होता. शेवटच्या दिवशी मियाँ पुन्हा कोठीत गेले, मीही गेलो. मौजी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून होता.

"माज नव्हता लिहा, मियाँ. खरं तेच लिहा, खोटं नको. बावीस वर्षं सांभाळलंय त्याला मी. मला बायको नाही, पोर नाही. त्याला अजून चाळीस वर्षं आहेत."

मियाँनी त्याच्या केसांतून हात फिरवला. घोड्यांशी बोलायचा तो मधाचा आवाज मी माणसासाठी वापरलेला तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ते म्हणाले, "बेटा, माझ्या हातानं मी माणूस फासावर देऊ शकत नाही."

त्यांनी लिहिलं की जगमोहन माजावर होता. जे लिहिलं त्याला मोठं चित्र जुळायला हवं होतं, तसा हुकूमही आला. मी काजळी घोटली आणि जगमोहनच्या डोळ्यामागून गालावर मदाचा ओघळ उतरवला. एकच रेघ होती. ती मारायला मला सबंध सकाळ लागली. पायातला साखळदंड मी हिरव्या गवतानं झाकला आणि कच्चा कागद मियाँनी माझ्या शेगडीत घातला.

मौजीला सोडलं. मला वाटलं, निदान तेवढं तरी झालं. मग दुपारी फत्तेलाल माझ्या दारात आला, मौजी कुठे आहे विचारू लागला. जगमोहन हत्तीखान्यातून हलत नव्हता. चार माहूत आले, अंकुश टोचले, पुढे ऊस टाकला, तो जागचा हलेना. मौजीनंच त्याला नदीवर न्यावं, असा दरबारचा हुकूम होता. मौजी माझ्याच घरात, आत बसून ऐकत होता. आता तरी तो ओरडेल, जे पाहिलं ते चौकात उभं राहून सांगेल, अशी मला भीती वाटली, आणि थोडी आशाही वाटली. तो उठला, तोंडावर पाणी मारलं आणि फत्तेलालच्या मागून गेला.

नदीच्या रेतीत तोफ लावली होती. सगळं गाव जमलं होतं. मियाँ आले नाहीत. जगमोहन रोज अंघोळीला येतो तसा डुलत आला, मौजी त्याच्या मानेवर होता, आणि गर्दी पाहून हत्ती जरा खूश झाल्यासारखा वाटला. खुणेच्या दगडापाशी मौजीनं त्याला थांबवलं, पायांना साखळ्या घालू दिल्या, आणि कानामागे हात घालून काहीतरी सांगितलं. मग तो उतरला. उतरून चार पावलं चालला असेल.

तर जगमोहननं पुढचा पाय गुडघ्यात वाकवून वर धरला. माहूत चढतो तेव्हा हत्ती धरतात तसा. आपल्याला इथेच सोडून हा जातोय कसा, हे त्याला कळेना. मौजी थांबला. गोलंदाजानं बत्ती पेटवून दरोग्याकडे पाहिलं, आणि दरोगा मौजीला म्हणाला, बाजूला हो. मौजी हलला नाही. दोन शिपायांनी त्याला दंडाला धरून मागे आणला. तो ओरडला नाही, झटापटही केली नाही, सारखं एवढंच म्हणत होता, "त्याला पाय खाली घ्यायला सांगू द्या. मी सांगितल्याशिवाय तो घेणार नाही."

त्याला सांगू दिलं नाही.